कात्री चालू राहू द्या : बायकांच्या गोष्टींचा पॉडकास्ट कसा करावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही चौघी मैत्रिणी आहात. एक आयटी कंपनीत, एक सरकारी दवाखान्यात नर्स, एक शिक्षिका आणि एक बचत गटांचं काम पाहणारी. तुम्हाला मराठीत पॉडकास्ट करायचा आहे आणि विषय तीन ठरलेत : बायकांचं आरोग्य, आपापल्या समाजाचा वारसा, आणि कामाच्या ठिकाणी मिळणारी वागणूक. दोन मुलाखती घेऊन पाहिल्यात, पण समोरच्या बायका ‘सगळं चांगलं चाललंय’ एवढंच म्हणाल्या आणि गप्प बसल्या. मग तीन वेगळे पॉडकास्ट करावेत का, बायकांना बोलतं कसं करावं, आणि सांभाळायचं काय, असं तुम्ही विचारलंय.

मी सोळा वर्षं हेच काम करते आहे. आधी सामुदायिक रेडिओसाठी, नंतर पॉडकास्टसाठी. फिरणं जास्त करून सोलापूर, बीड आणि पुण्याच्या आसपास. तुम्हाला एकच गोष्ट कळकळीने सांगेन : पॉडकास्ट एकच करा, आणि प्रत्येक भाग त्या बाईच्या हातातल्या कामापासून सुरू करा. आरोग्य आणि वारसा त्यातून आपोआप निघतात. उलट्या बाजूने गेलात, म्हणजे ‘तुमच्या आरोग्याविषयी सांगा’ असं विचारलंत, तर तुम्हाला मिळालं तेच उत्तर मिळतं.

हे मला सोलापुरात कळलं. पूर्वभागात एका मावशींकडे रेकॉर्डिंगला गेले होते. त्या विड्या वळायच्या. रात्री भिजवलेली तेंदूची पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पत्र्याचा छोटा चौकोनी तुकडा पानावर ठेवायचा आणि त्याच्या मापाने कात्री फिरवायची. माझ्या माइकमध्ये ती कच-कच फार येत होती, म्हणून मी म्हटलं, ‘मावशी, जरा कात्री थांबवता का?’ त्यांनी थांबवली. हात मांडीवर ठेवले, पदर सारखा केला आणि माझ्याकडे पाहत बसल्या. पुढची वीस मिनिटं मी विचारत राहिले आणि त्या ‘हो’, ‘नाही’, ‘बरं आहे की’ एवढंच म्हणत राहिल्या. शेवटी त्यांनीच विचारलं, ‘हजार व्हायच्यात अजून. मी बसू का कामाला?’ मी म्हटलं, बसा. रेकॉर्डर बंद करायचं मात्र राहून गेलं. कात्री पुन्हा सुरू झाली आणि दोनेक मिनिटांत मावशी आपणहून बोलायला लागल्या.

खांदा दुखतो, त्यामुळे दुपारी हात चालत नाही. पाळीच्या दिवसांत एका जागी बसून कंबर धरते, पण हजार पुरे झाले नाहीत तर दुसऱ्या दिवशी कारखान्यात माल द्यायला जायचं कसं? तिथे विड्या तपासणारा वाईट म्हणून काही बाजूला काढतो, आणि तरण्या सुना गेल्या की त्यांना काहीबाही बोलतो. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडली आणि घर विड्यांवर आलं. सासूने वळायला शिकवलं. सासू तेलुगू बोलायची, बतुकम्मा या तेलुगू बायकांच्या फुलांच्या सणाच्या दिवसांत विड्या वळता वळताच तिची गाणी चालायची. आणि तिथेच, सुपावरची नजर न हलवता, मावशींनी त्या गाण्याच्या दोन ओळी म्हटल्या.

आरोग्य, वारसा, कामाची जागा. तिन्ही विषय एका बैठकीत येऊन गेले होते, आणि मी त्यातला एकही विचारला नव्हता. (बंद करायचा राहिलेला रेकॉर्डर मी त्यांना लगेच दाखवला, ऐकवला आणि ठेवू का म्हणून विचारलं. ‘ठेव, पण त्या तपासनिसाचं काढून टाक,’ म्हणाल्या. काढून टाकलं. परवानगीचं पुढे सविस्तर लिहिते.)

मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. जात्यावरची ओवी अशीच जन्मली. पहाटे दळायला बसलेली बाई माहेरचं दुःख, सासरचा जाच, विठ्ठल, लेक, सगळं जात्याच्या फेऱ्यात घालत होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८० नंतरच्या काळात मावळ-मुळशीच्या भागातून सुरुवात करून महाराष्ट्रातल्या हजारावर खेड्यांतून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या मदतीने त्यातल्या कितीतरी ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं, आणि आज ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. जरूर ऐका. ओव्यांमागे जात्याची घरघर आहे, बांगड्या वाजतात, मधेच कुणीतरी हसतं. तो आवाज ‘साफ’ केला असता तर ओवीचा ठेका गेला असता. चांगला पॉडकास्ट कसा ऐकू यावा, हे मला कुठल्याही कार्यशाळेपेक्षा त्या ओव्यांनी जास्त शिकवलं.

याहून जुना दाखला हवा असेल तर मुक्ता साळवे. जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेतली चौदा वर्षांची मातंग मुलगी. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये तिचा निबंध छापून आला. त्यात धर्म आहे, पेशवाईतला जुलूम आहे, आणि आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसतं हेही आहे. आरोग्य वेगळं आणि अन्याय वेगळा असं तिने काही मांडलं नाही, कारण तिच्या घरात ते वेगळे नव्हतेच.

आता एकेका विषयाचं.

वारशाबद्दल बोलताना बहुतेक जणी सणांकडे वळतात. हादगा, मंगळागौर, नऊवारी, पुरणपोळी. हे सगळं मला आवडतं, पण त्यावर आधीच भरपूर झालंय. शिवाय ‘आपला वारसा’ म्हणताना तो नक्की कुणाचा, हे तुम्हा चौघींना ठरवावं लागेल. सोलापूरचंच घ्या. तिथे विणकर पद्मशाली समाजाचा नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव आहे, चादरी आहेत, १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले चार हुतात्मे आहेत. आणि शहराजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहतही आहे. वारली आदिवासींना वेठबिगारीविरुद्ध उभं करणाऱ्या गोदूताई परुळेकरांचं नाव तिला दिलंय. २००६ साली तिथल्या घरांच्या किल्ल्या बायकांच्या हातात पडल्या. त्या घरात पहिल्या रात्री काय शिजवलं, हे कुणी विचारलंय का? मला विचाराल तर तो भाग मंगळागौरीच्या दहा भागांवर भारी पडेल. समाजाचा वारसा म्हणजे त्याने जे जपलं ते, तसंच जे भांडून मिळवलं तेही.

भाषेला हात लावू नका. मावशी ‘तेंदूपत्ता’ म्हणोत की ‘पानं’, ‘मला नको वाटतं’ म्हणोत की ‘मला नगं वाटतंय’, ते तसंच राहू द्या. शिक्षिका असलेल्या मैत्रिणीला हे जड जाईल, कारण शुद्ध-अशुद्ध अंगात मुरलेलं असतं. पण मुलाखत घेणारी प्रमाण मराठीत बोलते आणि समोरच्या बाईला प्रत्येक वाक्य तोलून बोलावं लागतं, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. बाई तेलुगू, कन्नड, गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) किंवा दखनीत खुलत असेल तर तिला त्याच भाषेत बोलू द्या. आधी पाच-सहा सेकंद तिचा आवाज मोकळा ऐकू द्या, मग तो हळू करून त्यावर मराठी निवेदन घ्या.

आरोग्याबद्दल आधी शब्दांचं सांगते, कारण बैठक बहुतेक शब्दांवरच अडते. ‘नैराश्य’ हा शब्द मी सोळा वर्षांत एकाही बाईच्या तोंडून आपणहून ऐकलेला नाही. ती म्हणते, ‘मन लागत नाही’, ‘जीव घाबरा होतो’, ‘काही गोडच लागत नाही’, नाहीतर नुसतं ‘टेन्शन येतं’. पांढरं जाण्याला ‘अंगावरून जातं’ म्हणतात. गर्भाशय काढण्याला ‘पिशवी काढली’ म्हणतात. तुमच्या नर्स मैत्रिणीला हे सगळं पाठ असेल. प्रश्नांचा मसुदा तिच्या हातून लिहून घ्या, आणि दवाखान्याच्या कागदावरची भाषा त्यात येऊ देऊ नका. अशक्तपणाचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. हा आकडा निवेदनात एकदा सांगा आणि पुढे जा. ‘घरात सगळ्यांचं झाल्यावर तुमच्या ताटात काय उरतं?’ हा प्रश्न विचारलात की त्या आकड्याचं कारण तीच बाई सांगेल.

पॉडकास्टवर औषधोपचार सांगू नका. एखादीला काय झालंय ते सांगणं डॉक्टरांचं काम. मनाच्या त्रासावरचा भाग असेल तर शेवटी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सावकाश, दोनदा सांगा. तो मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. घरातल्या मारहाणीचा विषय निघाला तर महिला हेल्पलाइनचा १८१ सांगा. ज्या बाईची मुलाखत घेताय तिला हे क्रमांक रेकॉर्डिंगच्या आधीच द्या. आठवणी उकरून आपण निघून यायचं आणि रात्री तिने एकटीने रडायचं, हे मी एकदा केलंय. पुन्हा करणार नाही.

आरोग्य आणि काम किती एकजीव असतात ते पाहायचं असेल तर बीडच्या ऊसतोड बायकांकडे जा. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. दोन माणसं मिळून एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. फडावर संडास नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत विसावा नाही. कमी वयात पिशवी काढलेल्या बायकांची संख्या तिथे इतकी वाढली की २०१९ साली राज्य सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. आता हा भाग तुम्ही ‘आरोग्य’ या सदरात टाकाल की ‘कामाची जागा’ या? तीन सदरं करू नका म्हणते ते यासाठीच.

कामाच्या ठिकाणच्या वागणुकीवर आयटीतल्या मैत्रिणीला जे बोलावंसं वाटतं ते खरंच असणार, पण ‘समावेशन’ हा शब्द माइकसमोर आला की मुलाखत परिपत्रकासारखी वाजायला लागते. मी तीन साधे प्रश्न विचारते. डबा कुणाबरोबर खाता? बायकांचा संडास कुठे आहे आणि त्याची किल्ली कुणाकडे असते? साहेब तुम्हाला काय नावाने हाक मारतात? पहिल्या प्रश्नातून जात निघते. एका कार्यालयात सफाईचं काम करणाऱ्या ताईंनी मला सांगितलं होतं की त्या अकरा वर्षं जिन्याखाली बसून डबा खातात. ‘वर बसायला कुणी नाही म्हणत नाही, पण कुणी बस असंही म्हणत नाही.’ हे वाक्य मी भागाच्या सुरुवातीला ठेवलं आणि निवेदन एक शब्दही केलं नाही. दुसऱ्या प्रश्नातून गरोदर बायका, अपंग सहकारी, पारलिंगी व्यक्ती, सगळ्यांचे हाल कळतात. तिसऱ्यातून वय, हुद्दा आणि धर्म.

कायदा माहीत असू द्या, कारण ऐकणाऱ्या बायका तुम्हाला विचारणारच. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. त्यामागे राजस्थानातल्या भंवरीदेवींवरच्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणानंतर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिलेले विशाखा निर्देश आहेत. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवी. दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार घटनेनंतर साधारण तीन महिन्यांत करायची असते. आणि धुणीभांडी करणाऱ्या ताई ज्या घरात जातात ते घरही या कायद्यात कामाचं ठिकाणच आहे. हे बहुतेक मालकिणींना आणि बहुतेक ताईंनाही माहीत नसतं. यावर एक पूर्ण भाग करा. तसंच, घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही १९६६ च्या विडी-सिगार कायद्याने कामगार म्हणून मान्यता दिली होती. ‘मी काय, घरीच असते’ असं ती म्हणाली तर तिला हे सांगा. त्यानंतरचा आवाज वेगळा येतो, मी ऐकलाय.

पण त्याच २०१३ च्या कायद्याचं सोळावं कलम तुमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे. समितीपुढची तक्रार, तक्रारदार, आरोपी आणि साक्षीदार यांची ओळख, चौकशीतला तपशील, यातलं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. ओळख उघड न करता न्याय मिळाल्याची माहिती तेवढी देता येते. बलात्कार आणि त्यासारख्या गुन्ह्यांत पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमाखाली गुन्हा आहे. हे दोन कागद रेकॉर्डरच्या पिशवीत ठेवा.

आणि ओळख म्हणजे फक्त नाव असं समजू नका. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातून चूक झाली. एका बाईने पिशवी काढल्यानंतरचं घरातलं वागणं सांगितलं होतं. मी नाव बदललं, गाव वगळलं आणि निर्धास्त झाले. पण वाक्य संपवताना ‘नाही का गं’ म्हणायची तिची लकब होती. गावातल्या एका मुलाने मोबाइलवर ऐकलं आणि त्याच संध्याकाळी तिच्या नवऱ्यापर्यंत गेलं. मी भाग काढून टाकला, तिच्या घरी जाऊन माफी मागितली. तिने चहा दिला, पण पुन्हा कधी माझ्याशी त्या विषयावर बोलली नाही. तेव्हापासून माझी पद्धत बदलली. संमती दोनदा घेते. एकदा रेकॉर्डिंगच्या आधी, आणि दुसऱ्यांदा संपादन झाल्यावर, पूर्ण भाग तिच्या शेजारी बसून ऐकवून. ऐकताना मी तिच्या चेहऱ्याकडे पाहते. जिथे ती दचकते तो तुकडा ती ‘राहू दे’ म्हणाली तरी दोन दिवसांनी परत विचारते. फार नाजूक असेल तर तिच्या परवानगीने तिचे शब्द दुसऱ्या बाईच्या आवाजात घेते आणि तसं सुरुवातीलाच सांगते. छापील फॉर्मवर अंगठा घेऊन हे साधत नाही. संमतीही तिच्याच आवाजात, तिच्याच भाषेत रेकॉर्ड करा.

गाणी आणि ओव्यांच्या बाबतीत आणखी एक. गाणाऱ्या बाईचा तिच्या गायनावर कलाकार म्हणून हक्क असतो, तो आपल्या कॉपीराइट कायद्यातच आहे. तिची हरकत नसेल तर तिचं नाव प्रत्येक वेळी घ्या, मानधन द्या आणि दुसरीकडे वापरायचं झालं तर पुन्हा विचारा.

यंत्रांचा फार विचार करू नका. बऱ्यापैकी मोबाइल, कॉलरला लावायचा तारेचा माइक आणि कानाला हेडफोन, इतक्यात सुरुवात होते. हेडफोन विसरू नका, पंख्याचा आवाज कानाने लक्षात येत नाही, हेडफोनमध्ये येतो. पत्र्याच्या किंवा रिकाम्या खोलीत आवाज घुमत असेल तर भिंतीवर गोधडी टांगा. निघताना सगळ्यांना गप्प करून खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, संपादनात सांधे जुळवायला लागतो. फाइलची दुसरी प्रत त्याच दिवशी.

भाग पंधरा-वीस मिनिटांचा पुरे. स्पॉटिफाय, यूट्यूबवर टाकाच, पण ज्यांच्याविषयी बोलताय त्या बायकांपर्यंत तो व्हॉट्सॲपवरूनच जाईल. ६४ केबीपीएस मोनोमध्ये वीस मिनिटांची फाइल दहा एमबीच्या आत बसते. कर्णबधिर बायकांसाठी प्रत्येक भागाचा लिखित मजकूर सोबत द्या. कामाच्या ठिकाणच्या समानतेवर बोलणारा पॉडकास्ट त्यांनाच बाहेर ठेवत असेल तर ते मला पटत नाही.

जवळ सामुदायिक रेडिओ असेल तर तिथे जाऊन बसा. साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे. तेलंगणात, झहीराबादजवळच्या माचनूरला दलित बायकांनी २००८ पासून चालवलेला संगम रेडिओ आहे. तिथल्या शेतकरी बायका स्वतः माइक धरतात, स्वतः संपादन करतात, आणि बियाण्यांवर बोलता बोलता दुखण्यावर आणि गाण्यावर येतात. तुमच्या बचत गटाच्या मैत्रिणीने आठवड्याच्या बैठकीत दहा मिनिटं राखून एक भाग सगळ्यांना एकत्र ऐकवावा आणि त्यानंतरची चर्चाही विचारून रेकॉर्ड करावी. माझे चांगले निम्मे भाग अशा चर्चेतून निघाले आहेत. एक बाई ऐकते आणि म्हणते, ‘हे तर काहीच नाही, माझ्या आईचं सांगते.’

ज्या दोघींनी तुम्हाला ‘सगळं चांगलं आहे’ असं सांगितलं त्यांच्याकडे परत जा. खुर्च्या मांडून बसू नका. त्या भाकरी थापत असतील, शिवणाच्या मशीनवर असतील, भाजीची गाडी लावत असतील, तिथेच शेजारी बसा आणि विचारा, ‘हे तुम्हाला कुणी शिकवलं?’ पहिल्या पाच मिनिटांत दुसरं काही विचारू नका. आणि मशीनचा आवाज आला तर येऊ द्या.